परीक्षेचा गाडा आणि कुलगुरूंची खुर्ची

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा संमत झाला, तेव्हा विद्यापीठाकडे एकही वर्ग नव्हता, एकही प्राध्यापक नव्हता आणि स्वतःची इमारतही नव्हती. परीक्षा घेण्याची आणि पदवी देण्याची सनद तेवढी हाती होती. शिकवायचे महाविद्यालयांनी, तपासायचे विद्यापीठाने, अशी ही विभागणी लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावरून उचललेली होती. चार्ल्स वुडच्या १८५४ च्या खलित्याने तिची शिफारस केली आणि कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे एकाच वर्षात उभी राहिली. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबईत विद्यापीठाचे कलमवार नियम ठरत होते.

लंडनने पुढे आपला नमुना बदलला. १९०० च्या सुमारास ते विद्यापीठ अध्यापनाकडे वळले. मुंबईत मात्र परीक्षा हीच संस्थेची पहिली ओळख राहिली. पुढे अध्यापन विभाग आले, कलिन्याचे संकुल आले, संशोधन आले, पण कुलगुरू चांगला की वाईट हे लोक आजही निकालाच्या तारखेवरून ठरवतात. या विद्यापीठाच्या कारभाराचा इतिहास बहुतेक वेळा माणसांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोण दूरदृष्टीचा होता, कोण सरकारपुढे वाकला, कोणाच्या काळात पेपर फुटले, असा तो हिशेब असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. दीडशेहून अधिक वर्षांत कायदे अनेकदा बदलले, आणि प्रत्येक वेळी भांडण झाले ते अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, कोण बसणार आणि कुलगुरू कोण नेमणार यावरच. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही कायद्याने नीट हाती घेतला नाही.

मानाची खुर्ची

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले कुलपती झाले आणि सर विल्यम यार्डली हे न्यायमूर्ती पहिले कुलगुरू. पुढची अनेक दशके हाच शिरस्ता राहिला. कुलगुरूपद मानद असे. आपला मूळचा व्यवसाय सांभाळून सिनेटच्या बैठकांचे अध्यक्षस्थान भूषवायचे आणि दीक्षान्त समारंभात भाषण करायचे, एवढीच अपेक्षा. न्यायाधीश, बॅरिस्टर, मिशनरी, सनदी अधिकारी अशी माणसे या पदावर आली. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू झाले, तेही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असताना. वर्षभरातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले.

भांडारकरांचे नाव आणखी एका कारणाने या वाटचालीत येते. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, भांडारकर होते, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. ज्या संस्थेने त्यांना पदवी दिली, तिच्याच सिनेटमध्ये यांच्यातले काही पुढे बसले. माजी विद्यार्थ्यांनी संस्थेच्या कारभारात उतरावे ही गोष्ट मुंबईत अशी पहिल्या पिढीपासून सुरू झाली.

इमारती आल्या त्या शहरातल्या धनिकांच्या देणग्यांतून. कावसजी जहांगीर यांच्या पैशातून दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर उभा राहिला. टॉवरचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपले. दोन्हींचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. पैसा शहराचा, मंजुरी सरकारची आणि माणसे सरकारने नेमलेली, अशी ही व्यवस्था होती. देणगीदाराला नाव मिळाले, कारभारात आवाज मिळाला नाही.

सिनेटमधली लढाई

१८५७ च्या कायद्याने सिनेटचे सदस्य, म्हणजे फेलो, सरकार तहहयात नेमत असे. फेलोशिप हा एक प्रकारचा किताब झाला. ज्यांचा शिक्षणाशी फारसा संबंध नाही अशीही नावे यादीत चढली आणि सिनेट फुगत गेले. तरीही तिथे खऱ्या चर्चा होत. मराठी, गुजराती, कानडी या भाषा सुरुवातीला परीक्षेत होत्या. १८६० च्या दशकात त्या वगळल्या गेल्या आणि संस्कृत, फारसी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना जागा दिली गेली. देशी भाषा परत आणण्यासाठी रानड्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे प्रयत्न केले. अगदी अखेरीस, १९०१ मध्ये त्यांच्या निधनाच्या आसपास, एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना वाट मिळाली. एका भाषेच्या प्रश्नावर इतकी वर्षे झगडावे लागले यात सिनेटचा संथपणा दिसतो. पण झगडायला एक जागा होती, हेही त्यातून दिसते.

त्याच काळात महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे वेगळाच आक्षेप मांडला होता. सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्या शेतकऱ्याच्या करातून तो येतो त्याच्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाचा कारभार कोणासाठी चालतो, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे सिनेटच्या आत तेव्हा कोणी विचारला नव्हता.

लॉर्ड कर्झनने १९०४ मध्ये भारतीय विद्यापीठ कायदा आणला. फुगलेल्या सिनेटला कात्री लावायची, फेलोची मुदत पाच वर्षांची करायची, महाविद्यालयांची तपासणी काटेकोर करायची, हे त्याचे जाहीर हेतू होते आणि त्यांत तथ्यही होते. पण नव्या सिनेटमध्ये साधारण फेलो जास्तीत जास्त शंभर, त्यांतले निवडून आलेले फक्त वीस आणि बाकीचे कुलपतींनी नेमलेले, अशी रचना झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात याला कडाडून विरोध केला. मुंबईत फिरोजशहा मेहता सिनेटमध्ये लढत राहिले. कायद्याखाली झालेल्या पहिल्या नेमणुका इतक्या घाईच्या ठरल्या की त्यांच्या वैधतेला आव्हान दिले गेले आणि त्या वैध ठरवण्यासाठी सरकारला १९०५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. विद्यापीठातल्या नेमणुका न्यायालयाच्या दारात जातात, ही तक्रार आज नवी वाटते. तिला शंभरहून अधिक वर्षे झाली.

सुधारणेचे कारण खरे असते आणि तिच्या आडून येणारे नियंत्रणही खरे असते, हा १९०४ चा धडा पुढे प्रत्येक कायद्याच्या वेळी कामाला आला असता. तो फारसा कोणी घेतला नाही.

निवडणूक आली, प्रतिनिधित्व कोणाचे?

१९१७ ते १९२९ अशी बारा वर्षे चिमणलाल सेटलवाड कुलगुरू होते. त्यांच्या काळात विद्यापीठाने परीक्षेपलीकडे पाऊल टाकले. १९१९ मध्ये समाजशास्त्र व अर्थशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तिथे पॅट्रिक गेडीस शिकवायला आले. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी समाजशास्त्राची अख्खी पिढी इथेच घडवली. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. यूडीसीटी या नावाने तो देशभर ओळखला गेला आणि २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठ होऊन बाहेर पडला. विद्यापीठाचे जे विभाग सर्वांत जास्त नावाजले ते परीक्षेच्या कारभारापासून सर्वांत दूर होते, ही नोंद करून ठेवावी अशी आहे.

सेटलवाडांच्याच अध्यक्षतेखालच्या सुधारणा समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये लेखी साक्ष दिली. आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झालेले. अध्यापन आणि परीक्षा यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. खरे विद्यापीठ शिकवणारे हवे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२७ मध्ये विद्यापीठ विधेयक मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले, तेव्हा मागासवर्गीयांना सिनेटमध्ये जागा मिळावी यासाठी ते बोलले. पदवीधरांच्या मतदानातून ज्यांच्यात पदवीधरच नाहीत ते निवडून येणार कसे, हा त्यांच्या मांडणीतला पेच होता. १९२८ च्या कायद्याने निवडून येणाऱ्यांची संख्या वाढवली. राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने तो विजय होता. पण निवडणूक आणि प्रतिनिधित्व एकच नव्हे, हे आंबेडकरांनी तेव्हाच बजावले होते.

भार हलका झाला आणि पुन्हा वाढला

एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंतची महाविद्यालये मुंबईला जोडलेली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे हा पसारा कमी होत गेला. सिंध वेगळे झाले, १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक विद्यापीठे कामाला लागली. पुण्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. याच काळात मुंबईत पांडुरंग वामन काणे कुलगुरू होते आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे प्रचंड काम चालूच होते. मुंबईचे क्षेत्र आक्रसून शहराभोवती आले होते. शिकवणारे, आटोपशीर विद्यापीठ होण्याची ती सर्वांत मोठी संधी होती.

ती टिकली नाही. पुढे कोकणचे जिल्हे जोडले गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तिथे निघालेली महाविद्यालयेही मुंबईशी संलग्न झाली, आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पणजी-मडगावच्या मुलांच्या पदव्या मुंबईच्या नावाने निघाल्या. १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू झाले. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या लाखोंना त्याने पदवीचे दार उघडले आणि परीक्षा विभागावरचा ताणही वाढवला.

खरी वाढ १९८३ नंतरची. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्राची मुले फी भरून बेंगळुरू-मणिपालला जात होती, ती इथेच राहावीत हा त्यामागचा विचार होता. संस्था निघाल्या, अनेकांच्या मागे राजकीय वजन होते. नंतर कला-वाणिज्य-विज्ञानातही 'कायम विनाअनुदानित' हा शब्द रुळला. १९९४ च्या कायद्यात नव्या महाविद्यालयाची वाट अशी ठरली की विद्यापीठाने बृहत् आराखडा करायचा, प्रस्ताव तपासून शिफारस करायची आणि अंतिम परवानगी राज्य सरकारने द्यायची. म्हणजे महाविद्यालय काढायचे की नाही हे मंत्रालय ठरवते. त्याचे पेपर काढणे, तपासणे आणि निकाल लावणे विद्यापीठाच्या गळ्यात. आज मुंबई विद्यापीठाला मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांतली आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत आणि विद्यार्थी सात लाखांच्या घरात आहेत. एवढ्या पसाऱ्यात कुलगुरूंना एकेका महाविद्यालयाला भेट द्यायची म्हटली, तर पाच वर्षांच्या मुदतीत दर दोन-तीन दिवसांनी एक गाठावे लागेल.

खुर्चीत आलेली माणसे

या खुर्चीत मोठी माणसे आली नाहीत असे म्हणता येणार नाही. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९६६ ते १९७१ या काळात कुलगुरू होते. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या कारभारावर विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेली समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. तिचा अहवाल १९७१ चा. विद्यार्थ्यांनी कारभारात कसा सहभाग घ्यावा, याचाही तिने विचार केला. टाटा समाजविज्ञान संस्थेचे माधव सदाशिव गोरे १९८३ मध्ये कुलगुरू झाले. त्यानंतर मेहरू बेंगाली या पहिल्या महिला कुलगुरू. नामवंत शल्यविशारद स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात होत्या. पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव छापण्याचा निर्णय त्यांच्या नावावर आहे. त्या निर्णयाला फारसा पैसा लागला नाही, नवा कायदा लागला नाही. अधिकाराच्या चौकटीत कल्पक माणूस काय करू शकतो याचे ते चांगले उदाहरण आहे. त्यांच्याच काळात, १९९६ मध्ये, 'बॉम्बे' जाऊन विद्यापीठाच्या नावात 'मुंबई' आले.

पण त्याच खुर्चीभोवतीची यंत्रणा किती ठिसूळ आहे, हे १९८६ मध्ये दिसले होते. एम.डी.च्या परीक्षेत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने कडक शेरे मारले आणि निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. ज्या संस्थेची सनदच परीक्षेची, तिच्या गुणपत्रिकेवरून राज्याचे सरकार हलले. निकाल ही इथली खरी सत्ता आहे. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

कायद्यावर कायदा

१९७४ मध्ये प्रत्येक विद्यापीठाला वेगळा नवा कायदा मिळाला होता. १९९४ मध्ये राज्यातल्या बिगरकृषी विद्यापीठांना एकाच कायद्याच्या छत्राखाली आणले. मुंबईच्या गर्दीला आणि जळगावच्या नव्या विद्यापीठाला एकच नियम लागू झाला. १९८९ मध्ये निवडणुकीच्या वैमनस्यातून मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. त्याचा परिणाम म्हणून या कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद केल्या. गजेंद्रगडकरांनी ज्या सहभागाचा विचार केला होता, तो गुणवत्तेने नेमलेल्या प्रतिनिधींपुरता उरला.

याच कायद्याने कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी अधिकार मंडळांच्या वतीने निर्णय घेण्याची मुभा दिली होती. पूर, संप, दंगल अशा वेळी ती लागतेच. २०१० मध्ये मात्र ती वेगळ्याच कामी आली. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी बी.ए.च्या अभ्यासक्रमात होती. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, कलिन्याच्या फाटकाशी प्रती जाळल्या गेल्या आणि कुलगुरूंनी तातडीचा अधिकार वापरून पुस्तक काढून टाकले. अभ्यास मंडळाने अभ्यास करून ठरवलेली गोष्ट एका आदेशात गेली. पुस्तक चांगले की वाईट हा वाद वेगळा. अभ्यासक्रमाचा प्रश्न कोणी आणि किती वेळात सोडवायचा, हा कारभाराचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्या दिवशी रस्त्याने दिले.

त्याच कुलगुरूंच्या पात्रतेवर न्यायालयात दीर्घ लढाई चालली. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने शोध समितीने पात्रतेचा पुन्हा विचार करावा असे सांगितले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कुलपतींनी त्यांना कामापासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर ते परतले आणि जुलैत मुदत संपवून गेले. जवळजवळ पूर्ण पाच वर्षे संस्थेच्या प्रमुखाची नेमणूकच वादात होती. अशा प्रमुखाने केलेल्या कोणत्याही सुधारणेकडे लोक आधी संशयाने पाहतात, मग मजकूर वाचतात.

या सगळ्यात २०१०-११ च्या सुमारास अनिल काकोडकर, अरुण निगवेकर आणि राम ताकवले यांच्या तीन समित्यांनी उच्च शिक्षणाच्या रचनेवर अहवाल दिले. त्यांतून आणि बऱ्याच वादांतून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ तयार झाला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला.

२०१७ चा उन्हाळा

ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवा कायदा येणार म्हणून अधिकार मंडळांच्या निवडणुका लांबल्या होत्या. २०१७ च्या उन्हाळ्यात निवडून आलेली अधिसभा अस्तित्वात नव्हती आणि प्र-कुलगुरूंचे पद रिकामे होते. अशा वेळी कुलगुरूंनी निर्णय घेतला की सर्व उत्तरपत्रिका यंदापासून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे इकडून तिकडे नेण्यात होणारे गैरप्रकार थांबतील, निकाल लवकर लागतील, हा हेतू रास्त होता. पण परीक्षा सुरू झाल्यावर कंत्राट दिले गेले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. प्राध्यापकांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, सर्व्हर कोलमडत होता, एका विषयाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये उघडत होती, पुरवण्या सापडत नव्हत्या.

कायद्याने निकालासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस दिलेले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. पदव्युत्तर प्रवेश खोळंबले, परदेशी निघालेल्यांची गुणपत्रिका अडली, विधी शाखेच्या मुलांनी न्यायालय गाठले. ऑगस्टमध्ये कुलगुरू रजेवर गेले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आला. निकाल सप्टेंबरात पुरे झाले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या इतिहासात हे प्रथमच घडले.

एका माणसाची चूक म्हणून हे प्रकरण मिटवण्यात आले. चूक होतीच. पण एक शाखा घेऊन आधी करून बघा, कंत्राट कोणाला आणि केव्हा दिले ते सांगा, प्राध्यापकांना किती दिवस मिळणार ते सांगा, असे विचारण्याचा अधिकार ज्या सभागृहाला होता ते सभागृहच तेव्हा रिकामे होते. कुलगुरूंच्या हाती सर्व सत्ता होती, म्हणून दोषही सर्व त्यांचाच ठरला. अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद यांना कुलगुरूंच्या वाटेतली धोंड समजणाऱ्यांनी हा उन्हाळा पुन्हा आठवावा. अडवणारी मंडळे काही वेळा कुलगुरूंना वाचवतातही.

तेव्हापासून

त्यानंतरचा काळ दोन तऱ्हांनी सांगता येतो. एका बाजूला सुधारणा झाल्या. २०१७ मध्ये नॅक या मूल्यांकन संस्थेने दिलेल्या श्रेणीची मुदत संपली होती आणि नवे मूल्यांकन न झाल्याने दूरस्थ शिक्षणाची मान्यताही अडचणीत आली होती. २०२१ मध्ये विद्यापीठाला ३.६५ गुणांसह 'ए प्लस प्लस' श्रेणी मिळाली. स्वायत्त महाविद्यालये वाढली. सेंट झेवियर्स २०१० पासून आपल्या परीक्षा आपण घेत आहे. होमी भाभा आणि एचएसएनसी यांसारखी समूह विद्यापीठे निघून शहरातली काही जुनी महाविद्यालये तिकडे गेली.

दुसऱ्या बाजूला खुर्चीची ओढाताण चालूच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. कुलगुरूपदासाठी राज्य सरकार दोन नावे सुचवील, राज्यपालांनी त्यांतून एक निवडावे, आणि उच्चशिक्षण मंत्री प्र-कुलपती असतील, असा त्याचा आशय होता. राज्यपालांनी मंजुरी दिली नाही. २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने ते मागे घेण्याचे ठरवले. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि केरळमधल्या प्रकरणांत, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम डावलून झालेली कुलगुरूंची नेमणूक टिकत नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे राज्यपाल, राज्य सरकार आणि केंद्राचा आयोग असे तीन हात एका खुर्चीवर आहेत. विद्यापीठाचा स्वतःचा हात कुठे, तर शोध समितीतल्या एका सदस्यापुरता.

या ओढाताणीत वेळ कोणाचा जातो, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुहास पेडणेकर यांची मुदत संपली. नवे कुलगुरू रवींद्र कुलकर्णी आले जून २०२३ मध्ये. मधले नऊ महिने कारभार पुन्हा एकदा कोल्हापूरच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होता. कुलगुरू कोणत्या दिवशी निवृत्त होणार हे पाच वर्षे आधी माहीत असते.

अधिसभेचेही तेच. नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐन वेळी थांबवली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती मतदानाच्या तोंडावर पुन्हा रोखली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २४ सप्टेंबरला झाली. युवा सेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या, २०१८ प्रमाणेच. पदवीधर गटात मते मिळवायची तर आधी पदवीधरांची नोंदणी करून घ्यावी लागते, आणि ते काम ज्या पक्षाकडे शाखांचे जाळे आहे तोच करू शकतो. मेहता-गोखल्यांनी ज्या निवडणुकीसाठी जिवाचे रान केले, तिच्यात स्वतंत्र शिक्षणतज्ज्ञाला उभे राहायचे बळ उरलेले नाही. म्हणून निवडणूकच नको असे म्हणणारे आहेत. पण ती थांबवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे ठेवला की रिकाम्या सभागृहाचा २०१७ सारखा उन्हाळा परत येतो. विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका २०१६ च्या कायद्याने कागदावर परत आणल्या, प्रत्यक्षात त्या लांबतच राहिल्या.

आणि २०२५ च्या दीक्षान्त समारंभानंतर बाहेर पडलेल्या पदवी प्रमाणपत्रांवर विद्यापीठाच्या इंग्रजी नावातल्या 'मुंबई'चेच स्पेलिंग चुकले. छापखान्याची चूक, बदलून देतो, असे स्पष्टीकरण आले. लाखांनी प्रमाणपत्रे छापणाऱ्या संस्थेत एका अक्षरावर नजर ठेवायला माणूस नव्हता.

खुर्चीचे काम ठरवा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे म्हटले आहे. महाविद्यालयांनी स्वायत्त व्हावे, आपल्या पदव्या आपण द्याव्यात आणि प्रत्येक संस्थेला स्वतःचे नियामक मंडळ असावे, असा तो आराखडा आहे. १८५७ च्या सनदेला हात घालणारी ही पहिली गंभीर घोषणा. तिच्यात धोकाही मोठा आहे. मुंबईत झेवियर्सला स्वायत्तता पेलते. गुहागर किंवा मोखाड्यातल्या लहान महाविद्यालयाला प्राध्यापकच पूर्ण नाहीत, तिथे परीक्षा घेऊन पदवी देण्याची ताकद कुठून येणार? त्यांना सोडून दिले तर संस्थाचालक हाच कुलगुरू, कुलपती आणि सिनेट होईल. फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न मग नव्या रूपात परत येईल.

तरी काही गोष्टी धोरणाची वाट न पाहता होऊ शकतात. कुलगुरूंची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी शोध समिती नेमणे कायद्याने बंधनकारक करता येईल आणि अतिरिक्त कार्यभाराला तीन महिन्यांची मर्यादा घालता येईल. अधिसभेच्या निवडणुकीची तारीख सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात लिहिता येईल. परीक्षा मंडळाला स्वतःचा प्रमुख, स्वतःचा निधी आणि स्वतःची जबाबदारी देऊन कुलगुरूंना निकालाच्या रोजच्या कामातून मोकळे करता येईल. आणि ज्या मंत्रालयाने नव्या महाविद्यालयाला परवानगी दिली, त्याच मंत्रालयाने त्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांच्या पदांनाही त्याच आदेशात मान्यता द्यावी, असा नियम करता येईल. यातल्या एकाही गोष्टीला नवे अहवाल लागत नाहीत.

कुलगुरू कोण नेमणार यावर पुढच्या सरकारातही भांडण होईल, कारण त्या नेमणुकीत सत्ता आहे. पण तेलंग, भांडारकर, काणे, गजेंद्रगडकर यांच्या तोलाचा माणूस उद्या मिळाला, तरी आजच्या रचनेत त्याची पहिली बैठक परीक्षा भवनाशी असेल आणि शेवटचीही. ज्या दिवशी मुंबईच्या कुलगुरूंना पत्रकार निकालाऐवजी नव्या प्रयोगशाळेबद्दल, ग्रंथालयाबद्दल किंवा एखाद्या अभ्यासक्रमाबद्दल विचारतील, त्या दिवशी हे विद्यापीठ आपल्या पहिल्या सनदेतून बाहेर पडलेले असेल. त्यासाठी चांगला कुलगुरू शोधण्याइतकेच त्याच्या टेबलावरून परीक्षेच्या फायली उचलणे गरजेचे आहे, आणि ते काम राज्यपालांचे नाही, विधिमंडळाचे आहे.